जास्तीचं पाणी

झोपायची-रांधायची सोय असलेली एक मोटार आमच्या किनाऱ्यावर येऊन राहिली होती. आत नवरा, बायको आणि दीड महिन्याचं पोर. आमच्या वेळी बाळंतीण उंबरा ओलांडत नसे. ही घरच घेऊन फिरत होती.

एका सकाळी ती माझ्या दारात आली. "आजी, गरम पाणी मिळेल? बाळाला आंघोळ घालायचीय."

पोराला तिनं काचेचं भांडं धरावं तसं धरलं होतं. "आण इकडे," म्हटलं. पाय लांब करून बसले, पोर नडग्यांवर घेतलं, तेलानं चोळून न्हाऊ घातलं. आधी कोकललं, मग तिथंच पेंगलं.

"तुम्हाला सवय आहे."

"होती. माझी नातवंडं मी फोनवरच पाहिली."

मग ती रोज येऊ लागली. घर चाकांवर नेता येतं, पण पोराला न्हाऊ घालायला कुणाच्या तरी नडग्या लागतात. काल तिनं स्वतःच न्हाऊ घातलं. "जमलं की गं," म्हटलं. दुपारी मोटार गेली.

आज मी पुन्हा मोठं पातेलं भरून पाणी तापवलं. उतरवताना ध्यानात आलं, आज कुणी यायचं नाही. फुकट कशाला घालवा, म्हणून सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. नडग्यांना अजून तेलाचा वास होता. तिथं साबण लावला नाही.