मैनेचं बारसं

तानाबाई आत्या जाऊन दोन वर्षं झाली. तरी 'मैना'चा नवा अंक आला की पहिली प्रत मी तिच्या फोटोपुढं ठेवते. चित्रकलेचं मासिक आणि नाव काय, तर मैना! लोक हसतात. हसू देत की, त्यांच्या बापाचं काय जातंय?

आत्या ऐन विशीत विधवा झाली आणि मुरगूडहून माहेरी, आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी आली. म्हशी पाळल्या, दारोदार दूध घातलं, आम्हा भावंडांना अंगाखांद्यावर वाढवलं. बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि बायकांच्या बुक्क्या पाठीत खायच्या, हा मान आत्याचा. पण माझ्या बारशाला तिला पाळण्याजवळ फिरकू दिलं नाही. चुलत आत्यानं नाव ठेवलं, आणि सख्खी आत्या आत घुगऱ्या शिजवत बसली. आईनं हे सांगितलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

पुढं मी आणि माझे मित्र महांतेश नि सम्राट, अशा तिघांनी मासिक काढायचं ठरवलं. चित्रं जमली, लेख जमले, आतली पानंही छापून झाली. नावापाशी मात्र घोडं अडलं. महांतेशला 'अवकाश' पाहिजे, सम्राटला 'बिंदू'. कुणी शेताचा बांध कोरल्यासारखी भांडायची दोघं! मुखपृष्ठ छापायला द्यायच्या दिवशी आमच्या घरी सम्राटनं पिशवी उचलली. "माझं नाव नको, तर मी पण नको," म्हणाला. आता सगळंच मोडणार, असं वाटून मला रडू फुटलं.

आत्या कोपऱ्यात पानं दुमडत बसली होती. ती खेकसली, "गप बसा की रं! नाव ठेवाय आत्या न्हाय व्हय त्येला?" आणि जीभ चावून खाली बघायला लागली.

"हाय की," मी म्हणाले. "तू."

"मला चालत न्हाय बाई. पांढऱ्या कपाळाची मी."

माझं डोकंच फिरलं. "कुणाला चालत न्हाय? आई मी हाय त्येची! ऊठ आधी!"

महांतेशनं पानांचा गठ्ठा पाळण्यात ठेवावा तसा परातीत ठेवला. सम्राटनं पिशवी खाली टेकवली. आत्या कितीतरी वेळ पदराला हात पुसत राहिली. मग गठ्ठ्यावर वाकली.

"कुर्रर्र... मैना."

"मैना?" सम्राट म्हणाला. "आत्या, हे कुठनं काढलासा?"

"काढलं न्हाय. हिच्यासाठी ठेवलंतं," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "तवा कुणी इचारलं न्हाय."

सम्राटनंच पेन्सिल घेतली आणि मुखपृष्ठावर नाव लिहिलं. आत्या तशीच वाकून उभी. मला वाटलं, कंबर धरली.

"आत्या, सरळ हो की आता."

"सरळ कशी हू? बुक्क्या कोण घालणार? त्याबिगर आत्या कशी व्हायची मी?"

आम्ही तिघांनी हसत-रडत तिच्या पाठीत हळूच बुक्क्या घातल्या.

"जोरात घाला की रं!" आत्या ओरडली. "लई वर्सांच्या राहिल्यात!"