डावीकडची शांती, उजवीकडची शांती

निघायच्या आदल्या दिवशी साताऱ्याहून आईचा फोन आला. "दादा म्हणतोय, बार्शीकडून जा. रस्ता चांगला आहे." मागून दादाचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता, टेंभुर्णीला कुठं वळायचं तेही तो सांगत होता. मी म्हटलं, "त्याला सांग, मला रस्ते कळतात." आईनं तेही इमानदारीनं पोचवलं. मग अर्थातच मी बार्शी टाळली आणि पुण्याहून सोलापूर, तुळजापूर असा लांबचा वळसा घेतला. वाटेत रस्त्याच्या कामापाशी पाऊण तास एका ट्रकच्या मागं धूळ खाल्ली आणि भर दुपारी धाराशिवला पोचलो. म्हणून या वेळी रस्त्याचा सल्ला शेवटी देतो.

मी निघालो होतो एक चर्च बघायला. ऑफिसातला एक सहकारी मूळचा तिथला. मराठवाड्यातली देवळं, लेणी, दर्गे या ब्लॉगवर झाल्यावर तो म्हणाला, "आमचं चर्च बघून या. इंग्रजांच्या अँग्लिकन पंथातलं आहे, शंभर वर्षांहून जुनं. पण रविवारच्या भक्तीला थांबा, आणि शांतीच्या वेळी डोळे मिटू नका." म्हणजे काय, ते काही त्यानं सांगितलं नाही.

धाराशिवला बसस्टँडजवळ बऱ्यापैकी लॉज आहेत. सामान टाकून तेरकडे निघालो. तेरचं संग्रहालय सावकाश बघावं असं सगळे सांगतात, मीही सांगतो. मी स्वतः अर्ध्या तासात उरकलं. तिथून थोडं पुढं हे गाव आहे. नाव मुद्दाम देत नाही, का ते पुढं कळेलच.

चर्च गावाच्या टोकाला. काळ्या दगडाचं, कौलारू, पुढं छोटी घंटा आणि एक कडुनिंब. बांधकाम देखणं आहे, पण माझी नजर गेली ती दाराकडे. दाराच्या दोन्ही बाजूंना संगमरवरी फलक. डावा फलक सांगतो की हे मंदिर छोट्या रेल्वेच्या कामावर आलेल्या एका इंग्रज इंजिनिअरसाहेबांनी स्थापन केलं. उजवा सांगतो की ही मंडळी, म्हणजे इथला ख्रिस्ती समाज, त्याच साहेबाचे मुकादम येशूबाराव यांनी या निंबाखाली स्थापन केली. दोन्ही फलक एकाच आकाराचे, एकाच कारागिराचे. उजवा दोन बोटं वर आहे.

आत पाळकसाहेब भेटले. तरुण, नगरकडचे, मोटारसायकलवर चार चर्चं सांभाळतात. मी अँग्लिकन म्हणजे नक्की काय ते विचारलं, तर माणूस खुलला.

"कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्या मधली वाट समजा. वेदी आहे, बिशप आहेत, छापील उपासनाविधी आहे. पण पोप नाहीत. आता आम्ही बाकीच्या मंडळ्यांबरोबर एकत्र आलोय, तरी इथलं वळण जुनंच आहे."

"आणि विश्वासाचा पाया?"

"तीन गोष्टी. पवित्र शास्त्र, परंपरा आणि विवेक." त्यांनी चौथं बोट उघडलं. "इथं चौथी पण आहे. पंचकमिटी."

कारभाराची उतरंड अशी: वर बिशपसाहेब, ते दोन-तीन वर्षांतून एकदा येतात. खाली पाळक, ते महिन्यातून दोनदा येतात. त्याच्याखाली कमिटी, ती कुठंच जात नाही. मंडळीत एकोणीस घरं आणि कमिटीत अकरा माणसं. सहा वर्षांपूर्वी शांतवनराव सेक्रेटरी होते. एसटीतून रिटायर झालेले, शिस्तीचा माणूस. डावा फलक त्यांनी बसवला. त्यांचे धाकटे भाऊ प्रभाकर हे शाळेत मास्तर. त्यांनी विचारलं, यात येशूबारावांचं नाव कुठाय? शांतवनराव म्हणाले, आपल्याच घरचं नाव लावलं तर लोक काय म्हणतील? येशूबाराव दोघांचेही पणजोबा! मग मास्तरांनी उजवा फलक बसवला. तर आपल्याच पणजोबाचं नाव लावावं की लावू नये यावरून हे सख्खे भाऊ सहा वर्षं बोलत नाहीत, आणि मंडळी मधोमध चिरली गेली आहे. मधल्या वाटेच्या डावीकडे थोरल्याची घरं बसतात, उजवीकडे धाकट्याची. दोन्हीकडे एकेक पंखा आहे, पात्यांवर देणगीदारांची नावं रंगवलेली. पंखा फिरला की नाव वाचता येत नाही, म्हणून डावीकडचा पंखा मार्चच्या उन्हातही बंद असतो.

"मग तुम्ही काय करता?" मी पाळकांना विचारलं.

"मी प्रार्थना करतो," ते म्हणाले. "आणि बदलीचा अर्ज."

चहाला त्यांनी मला दोन्ही भावांच्या आईकडे नेलं. सगुणाबाई, अख्खं गाव त्यांना नुसतं बाई म्हणतं. ऐंशीच्या पुढच्या, कानानं ठणठणीत, गुडघ्यांनी बेजार. धाकट्याच्या घरात राहतात, जेवायला एक महिना इकडं, एक महिना तिकडं. पाळक दुसऱ्या घरी प्रार्थनेला गेले आणि बाईंनी पदरानं बशी पुसून माझ्यापुढं चहा ठेवला.

"कुठून आलाव?"

"पुण्याहून. चर्च बघायला."

"बघितलं न्हवं दोन पाट्या? साहेबानं दगड दिलं, माझ्या आजेसासऱ्यानं माणसं आणली. दोनीबी खरंच हाय. त्येच्यात भांडाया काय हाय, सांगा."

मग त्यांनी शांतीचा खुलासा केला. अँग्लिकन उपासनेत प्रभुभोजनाच्या, म्हणजे वेदीपाशी भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या, आधी पाळक म्हणतात, एकमेकांना शांतीचं अभिवादन करा. सगळ्यांनी शेजाऱ्याचा हात हातात घेऊन 'प्रभूची शांती' म्हणायचं. अबोला मनात ठेवून वेदीपाशी जाता येत नाही, असा जुना नियम आहे. भांडण सुरू झालं त्याच वर्षी एका रविवारी थोरला उठून मधल्या वाटेपर्यंत आला, धाकटाही आला, आणि दोघं ताटकळले. मध्ये खुर्चीवर बाई. गुडघ्यामुळं त्या बाकावर बसत नाहीत, वाटेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात. थोरल्यानं हात आईला दिला. आईनं तो धरला, वळून धाकट्याचा धरला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि त्या दिवसापासून तोच रिवाज झाला. डावीकडची शांती बाईंच्या हातून उजवीकडे जाते, उजवीकडची डावीकडे. मग सगळे रांगेनं वेदीपाशी जातात, कुणाच्या मनात काही नाही असं मानून.

"म्या पोष्टमन झालेय पोष्टमन," बाई म्हणाल्या. "माझ्यामुळं त्येन्ला एकमेकांची गरजच न्हाय राहिली. म्या हाय तवर दोघांचा हात एकमेकांच्या हातात बघायचाय, बाकी कायबी न्हाय मागत देवाला." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "उद्या म्या हात देणार न्हाय. पदराखाली ठेवणार. बघू, किती वेळ हुबं ऱ्हात्यात. कुणाला बोलू नगा."

मी शब्द दिला. परत येताना मला भलताच आनंद झाला होता. ब्लॉगला याहून चांगला शेवट कुठला?

रविवारी सकाळी धाराशिवच्या स्टँडबाहेर सुशीला खाल्ला. चुरमुरे भिजवून, शेंगदाण्याचं कूट घालून फोडणी देतात. पुणेकरांनी त्याची पोह्यांशी तुलना करू नये, गाडीवाले करू देत नाहीत. साडेनवाला चर्चमध्ये पोचलो. वेदीवर ईस्टरआधीच्या उपवासकाळाचं जांभळं कापड होतं. कुठल्या बाजूला बसावं या विचारात मी दारातच घुटमळलो. डावीकडून एकानं सरकून जागा केली, लगेच उजवीकडूनही केली. बाईंनी हाक मारली, "पाव्हणं, हितं या," आणि आपल्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची ठेवायला लावली. म्हणजे मी बरोब्बर सरहद्दीवर.

उपदेश क्षमेवर होता. दोन्ही बाजूंनी माना डोलावल्या, प्रत्येक बाजू दुसरीकडे बघून. विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची छापील कबुली, सगळ्यांनी एका सुरात म्हटला. फलक सोडला तर या लोकांचं कशावरही दुमत नाही. मग पाळक हात पसरून म्हणाले, "एकमेकांना शांतीचं अभिवादन करा."

शांतवनराव उठले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. समोरून प्रभाकर मास्तर आले. थोरल्यानं सवयीनं आईपुढं हात केला. बाईंचे हात पदराखाली. त्यांनी समोर वेदीकडे बघितलं, जणू हात कधी नव्हतेच. थोरला थबकला. धाकट्यानं हात पुढं केला, तोही तसाच अधांतरी राहिला. सगळं चर्च थांबलं. पेटीवाल्यानं सूर धरून ठेवला. दोन सख्ख्या भावांचे हात, मध्ये फार तर वीतभर अंतर. मी मोजत होतो, मनात म्हणत होतो, आता, आता होईल. धाकट्याची बोटं हललेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

आणि शांतवनरावांनी हात माझ्याकडे वळवला. "प्रभूची शांती, पाव्हणं."

मी धरला. काय करणार, माणसानं पुढं केलेला हात! तोवर दुसऱ्या बाजूनं मास्तरांचा आला, तोही धरला. वर अगदी मनापासून म्हणालोसुद्धा, "प्रभूची शांती." डावीकडची उजवीकडे गेली, उजवीकडची डावीकडे. पेटी सुरू झाली. लोक रांगेनं उठले. पाळकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला बदलीच्या अर्जाचा कागद डोळ्यांसमोर दिसला.

बाई जागच्या हलल्या नाहीत. हात पदराखालीच होते. त्या दिवशी प्रभुभोजनाला न गेलेल्या त्या एकट्याच.

बाहेर निंबाखाली शांतवनराव मला म्हणाले, "जेवायला या आमच्याकडं. मटण केलंय, आपल्या हिकडच्या शेळीचं." उपवासकाळाचं मी विचारलं नाही. मागोमाग मास्तर आले, त्यांच्याकडंही मटणच होतं. आणि दोघांनीही, वेगवेगळं, एकच विचारलं: "दोन आठवड्यानं परत येणं होईल का?" मी दोघांकडेही जेवलो नाही. मला फार लाज वाटत होती, आणि ती ब्लॉगसाठी वाटल्यासारखी नव्हती, खरी होती.

बाईंना आधार देऊन घरापर्यंत सोडलं. दारात मी म्हटलं, "बाई, चुकलं माझं. तुम्ही सांगितलं होतं, तरी..."

त्या उंबऱ्यावर बसल्या, गुडघा चोळत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"तुमाला काय बोलायचं," त्या म्हणाल्या. "फुडं आलेला हात माणूस धरतोयच की. पैल्या येळंला माझंबी आसंच झालतं."

येताना वाटेत खव्याचे पेढे घेतले. बार्शी, टेंभुर्णी करत पुण्याला आलो, तेव्हा अजून उजेड होता. पोचल्यावर आईला फोन केला. मी पेढ्यांबद्दल सांगेपर्यंत मागून तो ओळखीचा आवाज आला आणि आई म्हणाली, "दादा विचारतोय, रस्ता कसा होता?"

दादा आणि मी चार वर्षं बोललेलो नाही. कारण विचारू नका. सांगायला गेलो तर त्या फलकापेक्षा मोठं निघणार नाही. चार वर्षं आई आमचं सगळं इकडचं तिकडं करते, गॅसच्या नंबरापासून वाढदिवसापर्यंत. तिचे गुडघेही दुखतात. ते मला दादाच्या निरोपातूनच कळलं.

"काय सांगू त्याला?" आईनं विचारलं.

"काही सांगू नकोस. फोन दे त्याच्याकडे."

मग फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला.

"हं," दादा म्हणाला.

"हं," मी म्हटलं. "बार्शीचा रस्ता चांगला आहे."

"मी सांगितलं होतं."

तर मंडळी, धाराशिवला जायचं असेल तर बार्शीकडून जा. माझा दादा सांगतो.