रायआवळ्याचा दोष नव्हता

तीस वर्षं मी टीव्ही दुरुस्त केले. त्यामुळे घाटकोपरच्या आमच्या वसाहतीत आमच्या बाजूच्या सहा घरांतली बरीचशी चॅनलं एकाच सकाळी काळी पडली, तेव्हा सगळे माझ्याकडेच आले. क्रिकेटची मालिका तोंडावर होती. सहाही घरांच्या खिडक्यांवर एकाच कंपनीच्या डिशच्या छत्र्या, आणि त्यांच्या समोर तळमजल्यावरच्या वहिनींचं रायआवळ्याचं झाड. मी खाली उभा राहून वर पाहिलं आणि सांगून टाकलं, "झाड आड येतंय."

मी तिथेच थबकायला हवं होतं. पडदा काळा होता, पण आवाज स्वच्छ येत होता. झाडाने सिग्नल अडवला असता तर आधी चित्राचे चौकोन झाले असते आणि आवाजही तुटला असता. शिवाय काही चॅनलं व्यवस्थित दिसत होती. कंपनीचा मेसेजही आला होता, जुना सेटटॉप बॉक्स मोफत बदलून घ्या म्हणून. फुकट म्हटल्यावर मला फसवणूक वाटली. मी तो पुसला आणि इतरांनाही पुसायला लावला.

वहिनींनी वाद घातला नाही. "माझ्या झाडापायी सहा घरांचा टीव्ही बंद, बरं दिसत नाही ते," म्हणाल्या. दरवर्षी ज्या दारांत रायआवळ्याचं लोणचं पोचवायच्या, त्या सहाही दारांत जाऊन त्यांनी हात जोडले. माळ्याने शेंडा उतरवला. चित्र आलं नाही. "अजून थोडं," मी म्हणालो. उरला तो नुसता बुंधा.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने मला न विचारता कंपनीला फोन लावला. दुसऱ्याच दिवशी त्यांचा माणूस नवे बॉक्स घेऊन आला. माझ्या घरात वायर जोडताना त्याने सहज विचारलं, "आवाज येत होता ना काका? मग झाडाचा काय संबंध? चित्र आता नव्या पद्धतीने घट्ट घडी घालून पाठवतात. जुन्या डब्याला ती उलगडता येत नाही. आवाजाची घडी जुनीच आहे, म्हणून तो ऐकू येतो."

आणि त्याने बटण दाबलं. काय चित्र होतं ते. आयुष्यभर मी लोकांच्या पडद्यावरच्या मुंग्या घालवल्या, आणि इथे गवताचं पातं न् पातं वेगळं, चेंडूची शिवण दिसतेय, अंपायरच्या घड्याळात किती वाजले तेही वाचता येतंय. सहाही घरांतले लोक एकमेकांच्या घरात धावत होते. "काका, झकास दिसतंय यार." मीही जिना दोनदा वरखाली केला. त्या गडबडीत वरच्या शेजाऱ्याने विचारलं, "मग झाड उगाच तोडलं का हो?"

"झाड असतं तर हाही बॉक्स चालला नसता," मी म्हणालो. हे मी जाणूनबुजून खोटं बोललो. पावसाळ्यापर्यंत बुंधाही वाळला.

गेल्या रविवारी वहिनींनी मला अंगणात हाक मारली. हातात रायआवळ्याचं रोप होतं. "भाऊजी, कुठे लावू सांगा. तुमच्या छत्र्यांना पुन्हा त्रास नको."

मी सगळं सांगून टाकलं. आवाजाचं, मेसेजचं, त्या खोट्याचंही. पहिली दुरुस्ती करून टीव्ही चालू करताना छाती जशी धडधडली होती, तशीच धडधडत होती, आणि एकेक वाक्य सुटेल तसं मला मोकळं वाटत होतं.

"मेकॅनिक कुणी केलं हो तुम्हाला?" त्या म्हणाल्या. मग रोप खाली ठेवलं. "मला एकटीला सांगून काय उपयोग? मी सहा दारांत हात जोडलेत. चला."

पुढे त्या आणि मागे मी. तीन घरांत सांगून झालं. चौथ्या घरातल्याने टीव्हीसमोरून वळूनही पाहिलं नाही. "काका, एवढी ओव्हर होऊ दे ना."

मी थांबणार होतो. वहिनी सरळ आत गेल्या, रिमोट उचलून टीव्ही बंद केला आणि माझ्याकडे वळल्या.

"हं, बोला."