लाल भुकटीची हिरवट कड

रेश्मा कापडे गावच्या दत्तारामची मुलगी. घरची भातशेती. महाडला बी.एस्सी. करून ती मुंबईला रसायनशास्त्रात पीएच.डी. करायला गेली, तेव्हा वाडीला तिचं फार अप्रूप होतं.

तिचं काम क्रोमियमच्या संयुगांवर. त्यांत क्रोमियमचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात, की त्यांच्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळून जातात आणि चुंबक त्यांना ओढत नाही. भुकटी लालभडक असते. हवा लागली की बंध तुटतो, रंग हिरवट होतो आणि चुंबकाची ओढ लागते. म्हणून सगळं हवा काढून, नायट्रोजन वायूखाली करायचं.

महिनाभर खपून तिने एक नवं संयुग केलं. चिमूटभर पूड हाती आली. ती नळीत भरताना कडेला हिरवट झाक दिसली. पुन्हा करायचं म्हणजे आणखी महिना, आणि चुंबकत्व मोजायच्या यंत्रावर तिचा नंबर दुसऱ्याच दिवशी. तिने नळी बंद केली आणि कुणाला काही बोलली नाही.

यंत्राने चुंबकत्व दाखवलं. मार्गदर्शक राजश्री मॅडम खुर्चीतून उठल्याच.

"अगं, बंध असूनही चुंबकीय! असं कुणी पाहिलेलं नाही."

हिरवट कडेचं आता सांगायला हवं होतं. रेश्माने आकडे तेवढे वहीत उतरवून घेतले. शोधनिबंध छापून आला. कापड्याच्या फाट्यावर तिच्या फोटोचा बॅनर लागला.

पुढच्या वर्षी विनीत नावाचा नवा विद्यार्थी तेच संयुग करायला बसला. त्याच्या पुडीत चुंबकत्व येईना. मॅडम त्याला रोज फैलावर घेत, "तुझा हातच स्वच्छ नाही." तो मान खाली घालून पुन्हा काचेची भांडी घासायला लागे. शेवटी तो रेश्माकडेच आला.

"ताई, माझं कुठं चुकतंय, जरा बघता का?"

तिला त्याच्याकडे बघवेना. त्याचं काहीच चुकत नव्हतं. त्याची पूड निर्मळ लाल होती. ती तशीच मॅडमच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून टाकलं.

मॅडम म्हणाल्या, "निबंध मी मागे घेते. विनीतला मात्र तू सांगायचंस."

तिने सांगितलं. विनीतने ऐकून घेतलं, आणि तो निघून गेला. त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सुट्टीत ती रेल्वेने वीर स्टेशनला उतरली, रिक्षाने महाडला आणि तिथून एस.टी.ने घरी. जेवणं झाल्यावर आईवडिलांना तिने सांगितलं. दत्ताराम उठला, कोयती घेतली आणि फाट्यावर जाऊन बॅनरच्या दोऱ्या कापून आला. रेश्माच्या आईचा, रंगूबाईचा आवाज चिरकला.

"चोरी केलीस काय गो?"

"चोरी नाय, आये. दिसलं होतं ते बोलले नाय."

"मंग ती चोरीच की! त्या पोराचं काय गो झालं असतं?"



दुसऱ्या दिवशी शेजारची गोदूबाई अंगणातून हाका मारू लागली, "रंगू, तो बॅनर कुठं गेला? पोरीनं चुंबक शोधला ना?"

रेश्मा आत तांदूळ निवडत होती. आई काहीतरी सांगून वेळ मारून नेईल, असं तिला वाटलं.

"चुकलं तिचं," रंगूबाई बाहेरून म्हणाली. "तिनंच सांगितलान. आता नव्यानं करायची हाय."

रेश्माचे कान तापले. बाहेर जाऊन आईच्या बाजूला उभं राहायला हवं, हे तिला कळत होतं. पण गोदूबाई जाईपर्यंत ती सुपावरची मान वर करू शकली नाही.