डाव्या चाकाचं टोपण

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षी आमची गाडी नापास झाली. वाहतूक कार्यालयातला तपासनीस माझ्या शेजारी बसून एक फेरी मारून आला, खाली उतरला आणि कागदावर लिहिलं: वेगमापक बंद. ब्रेक लागत होते, दिवे पेटत होते, हॉर्न तर नको इतका वाजत होता. पण काटा शून्यावरून हलत नव्हता आणि तो हलल्याशिवाय पासिंग होणार नव्हतं. या गाडीला सायकलवालेसुद्धा मागे टाकून जातात, वेग कसला मोजायचा, असं मी बोलून गेले. त्याने आठ दिवसांची मुदत दिली, तीही बहुधा माझ्या तोंडापासून सुटका व्हावी म्हणून.

गाडी पोर्तुगीज अमदानीत बोटीतून उतरलेली. छोटी, पाठीकडून गोल, आणि इंजिन पुढे नसून मागे. वडिलांनी ती डिचोलीला आणली तेव्हा मी चौथीत होते. पुढे त्यांनीच मला ती चालवायला शिकवली. मी कारापूरच्या शाळेत मराठी शिकवायला लागले, लग्न केलं नाही, आई गेली, आणि घरात आम्ही दोघं आणि गाडी राहिलो. बिनलग्नाच्या बाईचं मत कोणी विचारत नाही, म्हणून मी ते न विचारताच देत आले आहे.

दोन वर्षांपूर्वी वडिलांना अर्धांगाचा हलका झटका आला होता. काही महिने उजव्या हाताने चमचा धरवत नसे. डॉक्टरांनी सहा महिने गाडी चालवू नका म्हणून सांगितलं. सहा महिने संपले, हात सुधारला, डॉक्टरांनी स्वतः तो हातात घेऊन दाबून बघितला आणि आता हरकत नाही म्हणाले. हरकत राहिली ती माझ्या थोरल्या भावाची. तो पणजीला सरकारी नोकरीत. दर रविवारी बसने यायचा आणि घरात पाऊल टाकण्याआधी, वडिलांनी गाडी काढली तर नाही ना हे बघायला, गाडीचं दार उघडून मीटरवरचा किलोमीटरचा आकडा वाचायचा. मी दर शनिवारी तो आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवायचा, असं त्याने ठरवून दिलं होतं. बाजार किती लांब, देऊळ किती लांब, त्याला सगळं तोंडपाठ. मी शाळेला बसने जाई, तेव्हा गाडी आठवड्यात किती फिरणार याचा हिशेब सोपा होता. एकदा तीन किलोमीटर जास्त भरले तर माझी उलटतपासणी झाली. तेव्हा राजभाषा कोणती यावरून पेटलेल्या आंदोलनात रस्त्यावर झाड आडवं टाकलं होतं आणि मी वळसा घालून आले होते. आम्ही घरात बोलायचो एका भाषेत आणि पत्रं लिहायचो दुसरीत, त्याचं कधी कोणाला काही वाटलं नव्हतं. रस्त्यावर मात्र त्यापायी डोकी फुटत होती.

त्या वर्षी दसऱ्यानंतर मीटर बंद पडला, वेगाचा काटाही आणि किलोमीटरचा आकडाही. भाऊ कुरकुरला, पण बंद मीटरपुढे करणार काय. गाडी नापास झाल्याचं कळल्यावर मात्र तो म्हणाला, बरं झालं. म्हापशाचा एक माणूस सुट्या भागांसाठी गाडी घ्यायला तयार होता, पुढच्या रविवारी त्याला घेऊन येतो. हे सगळं तो माझ्याशी बोलत होता. ज्यांची गाडी ते जनेलाच्या गजांपाशी बसून चहात पाव बुडवत होते, आणि हा त्यांच्या डोक्यावरून बोलत होता. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, रविवारच्या आत काटा हलला तर गाडी या दारातून जाणार नाही. तो हसला आणि कबूल झाला. हलणार नाही याची त्याला खात्रीच होती.

मंगळवारी शाळा सुटल्यावर गाडी डिचोलीतल्या गॅरेजमध्ये नेली. मेस्त्री बेळगावकडचा, खाणीवरचे ट्रक आणि जीप दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेला. तो गाडीखाली शिरला, मागच्या बाजूला गिअरबॉक्स चाचपला, बराच वेळ चाचपत राहिला आणि तोंडाला काळं लावून बाहेर आला. “बाई, ह्या गाडीला केबलच न्हाई बघा,” म्हणाला. बुधवारी रजा टाकून म्हापशाला नेली. तिथल्या मेस्त्रीने मीटर बाहेर काढला, त्याच्या पाठच्या चौकोनी भोकात तार घालून बोटांनी गरगर फिरवली. काटा टुणकन वर गेला. म्हणजे मीटर चांगला होता. मग केबल तुटली असणार, आणि या गाडीचा माल आता कुठे मिळत नाही, असं सांगून त्याने मीटर परत बसवून दिला. केबल जाते कुठे, असं मी विचारलं. गिअरबॉक्सात, दुसरीकडे कुठे जाणार, म्हणाला. मी विचारलं, बघितलं का? त्याने बघितलं नव्हतं. जीपची केबल गिअरबॉक्सात जाते, ट्रकची जाते, म्हणजे हिचीही गेलीच पाहिजे.

वर्गात कोणी गणिताचं नुसतं उत्तर लिहून आणलं तर मी पायऱ्या मागते. गुरुवारी पुन्हा रजा घेतली, पदर खोचला आणि पायऱ्या लिहायला बसले. मीटरच्या मागे हात घालून केबल बोटांत धरली आणि ती जाईल तिकडे हात नेत गेले. ती मागे गेलीच नाही. खाली उतरली, आणि पुढच्या डाव्या चाकात शिरली. एवढी साधी गोष्ट. दोन मेस्त्री आणि मी, कोणालाच पुढे बघायचं सुचलं नव्हतं.

जॅक लावून चाक उचललं. वरची चकचकीत ताटली काढली. आत चाकाच्या मधोमध पत्र्याचं एक टोपण असतं, आतलं ग्रीस बाहेर येऊ नये म्हणून. स्क्रूड्रायव्हर आणि हातोडी घेऊन ते सैल करता करता तळहाताचं कातडं सोललं. टोपण निघालं तर आत केबलचं चौकोनी टोक दिसलं. धडधाकट, कुठेही तुटलेलं नाही. चाक हाताने फिरवलं. चाक फिरलं, टोक जागच्या जागी राहिलं. मग टोपणाकडे बघितलं. चाकाबरोबर टोपण फिरतं, टोपणाने ते टोक पकडून फिरवायला हवं, पण पकडणार कसं? टोपण सपाट होतं. मी उठून उजव्या चाकाकडे गेले, त्याचीही ताटली काढली. त्याच्या टोपणाच्या मधोमध एक चौकोनी भोक होतं, आणि त्या बाजूला केबलच नव्हती.

टोपणांची अदलाबदल झाली होती, बस. मला इतका आनंद झाला की ग्रीसच्या हातांनीच मी कपाळावरचा घाम पुसला. कसं झालं असेल तेही लगेच कळलं. खंडेनवमीला हत्यारं-अवजारं पुजतात, तसं वडील गाडीची चारही चाकं उघडून स्वच्छ करायचे, नवं ग्रीस भरायचे आणि मग कुंकू-फुलं वाहायचे. आजारपणामुळे दोन वर्षं ते राहून गेलं होतं. या दसऱ्याला ते पुन्हा स्वतः बसले होते आणि मी ते कौतुकाने बघितलं होतं. आता डावं-उजवं चुकलं हे त्यांना दुखवल्याशिवाय सांगायचं कसं, याचाच विचार करत मी दोन्ही टोपणं घेऊन आत गेले. म्हटलं, बाबा, दसऱ्याला जरा अदलाबदल झाली, काही हरकत नाही.

“अदलाबदल झाली नाय,” ते म्हणाले. “मीच बदललंय. मुद्दाम.”

दर बुधवारी मी शाळेची बस पकडली की ते गाडी काढून पेडण्याला जात होते. तिथे त्यांची बहीण, माझी आत्या, एकटी राहते. भाषेच्या भांडणात भावाचं आणि आत्याचं फाटलं होतं, तेव्हापासून तिच्याकडे जाणं हा आमच्या घरात बोलायचा विषय नव्हता. ते तासभर तिच्यापाशी बसत आणि मी यायच्या आत परत येत. पेट्रोल जास्त जातं म्हणून मी इतके दिवस बिचाऱ्या कार्बुरेटरला दोष देत होते.

मी चिडले. तीन दिवस मी हात सोलून घेतले आणि तुम्ही गप्प बसून बघत राहिलात, असं चढ्या आवाजात बोलले. ते शांतपणे म्हणाले, “तुका सांगलं असतं तर तू भावाक सांगलं असतंस. आकडो लिवन ठेवणारी तूच.”

दोन वर्षं मी मनात भावाला शिव्या देत होते, पण कॅलेंडरवरचं अक्षर माझं होतं, सुवाच्य, शाळेच्या फळ्यावर असतं तसं. फार लाज वाटली. लाज झाकायला मी शहाणपणा सुचवला: उद्या टोपणं जागेवर लावून पासिंग करून घेऊ, आणि घरी आलो की पुन्हा बदलून टाकू. त्यांनी टोपणाच्या भोकावरून अंगठा फिरवला.

“आता लपवूक नको,” म्हणाले. “मी चोर नाय.”

टोपण त्यांनीच बसवलं. केबलचं टोक भोकातून बाहेर आलं की त्यात एक बारीक पिन घालावी लागते. त्यांचा उजवा हात दोनदा चुकला, पिन दोनदा मातीत पडली. मी दोन्ही वेळा उचलून दिली आणि माझा हात मागे घेतला. तिसऱ्यांदा बसली.

शुक्रवारी गाडी पास झाली. शनिवारी अर्धी शाळा. सुटल्यावर बाहेर आले तर शाळेच्या फाटकासमोर आमची गाडी उभी, आणि स्टिअरिंगमागे वडील, धुतलेला सदरा घालून. सगळ्या मास्तरांच्या देखत मी शेजारी जाऊन बसले. कोलवाळच्या पुलावर काटा चाळिसापर्यंत गेला. त्यांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि आणखी थोडा वर नेला. आत्या अंगणात काहीतरी वाळत घालत होती. गाडीतून मीही उतरते आहे हे बघून तिने डोळ्यांना पदर लावला, आणि मग मी इतके दिवस न आल्याबद्दल मला भरपूर बोलून घेतलं. सगळं खरं होतं, मी ऐकून घेतलं.

रविवारी भाऊ म्हापशाच्या माणसाला घेऊन आला. दार उघडून वाकला, आकडा वाचला, आत जाऊन कॅलेंडर बघितलं. त्या शनिवारचा चौकोन कोरा होता. हे एवढे किलोमीटर कुठले, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, मला विचारू नको, बाबा समोर बसलेत. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याला तोंड वळवून त्यांच्याकडे बघावं लागलं.

“पेडण्याक गेल्लंय,” वडील म्हणाले. “तुझ्या आत्येक बघूक. दसऱ्यापासून दर बुधवारी जातंय.”

मग भाऊ पुष्कळ बोलला. डॉक्टर, हात, पूल, समोरून येणारे खाणीचे ट्रक. त्यातलं सगळंच खोटं नव्हतं, हे मी आज कबूल करते. तो घाबरलेला होता, आणि घाबरलेला माणूस हुकूम सोडतो. दरम्यान म्हापशाचा माणूस गाडीभोवती फिरून पत्रा ठोकून बघत होता. वडिलांनी भावाला बोलून संपवू दिलं, मग उठून त्या माणसापाशी गेले आणि त्याला म्हणाले, “ह्या गाडयेचो धनी अजून जितो आसा.” त्याला भावापेक्षा लवकर समजलं. तो बसस्टँडचा रस्ता विचारून निघून गेला.

संध्याकाळी निघताना भाऊ दारात थांबला. त्याने खिशातून पेन काढून माझ्यापुढे धरलं आणि हळू आवाजात म्हणाला, निदान आकडा तरी लिहीत जा. मी ते घेतलं नाही.