धोंड्याच्या महिन्यातला खांब

अनंताच्या हातात जोर होता. तेवढंच त्याच्याजवळ होतं म्हटलं तरी चालेल. वडील लवकर गेले, शाळा आठवीत सुटली आणि उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या लद्धारामच्या वर्कशॉपात तो हॅक्सॉ ओढायला लागला. खिडक्यांच्या जाळ्या, गॅलरीचे कठडे, शटरच्या पट्ट्या. दुसऱ्याची सळी निम्मी व्हायच्या आत अनंताची कापून खाली पडलेली असायची. पाती मात्र फार मोडायची. मोडकं पातं उचलून लद्धाराम म्हणायचा, "साईं, तू लोहा काटता है, के मेरा गला?" आणि हसायचा. अनंताही हसायचा. पातं मोडलं म्हणजे माणूस कष्टाचा, असं त्याला वाटायचं. पुढे तो आनंदनगरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागला, तरी ही समजूत काही गेली नाही.

कुळगावची कुंदा त्याला दिली. तिचे वडील महिपती. त्यांना सगळी आळी आण्णा म्हणायची. शेती सांभाळून त्यांनी अंबरनाथला फिटर म्हणून नोकरी केली होती. निवृत्त झाल्यावरही हात रिकामा नसे. बोलणं कमी. कोणाचं काम मनासारखं उतरलं की नुसतं "हां" म्हणायचे. आळीतल्या गवंड्या-सुतारांत ते "हां" मिळालेली माणसं मोजकी होती.

अनंताला ते हवं होतं. बाकी सासुरवाडीकडून त्याला काही नको होतं. पण तो पडला जावई. तो आला की घडी घातलेली सतरंजी, तांब्याभर पाणी, कपबशीतला चहा. एकदा त्याने विहिरीवरून कळशी उचलली तर सासूबाई, कौसाबाई, धावतच आल्या. "जावईबापू, ठेवा ती. लोक शेण घालतील माझ्या तोंडात." आण्णा त्याला "तुम्ही" म्हणायचे आणि उन्हापावसाचं विचारायचे. माणसाला कामाचं काहीच विचारत नाहीत म्हणजे कामाचा समजत नाहीत, हे अनंताला कळत होतं.

नव्याण्णव सालच्या मे महिन्यात अधिक महिना लागला. लग्नानंतरचा पहिलाच, म्हणून जावयाला धोंड्याचं आमंत्रण आलं. मागल्या खेपेला अनंताने पाहिलं होतं, मागच्या पडवीचा मधला खांब बुडाशी कुजला होता. वाळवीने आतून खाल्ला होता. आण्णा कुंदाला म्हणाले होते, "पावसाच्या आत कुजकं बूड कापून खाली दगड बसवीन." हातकरवतीने, एकट्याने.

जेवायला जायच्या आधी अनंता कॅम्प दोनला गेला. लद्धारामने कुठल्याशा बोटीवरच्या भंगारातून विजेची करवत आणली होती. बंदुकीसारखी हातात धरायची, पुढे वीतभर पातं. खटका दाबला की पातं पुढे-मागे, पुढे-मागे, डोळ्याला दिसू नये इतकं जलद.

"सुन," लद्धाराम म्हणाला, "ये तेरा हॅक्सॉ नही है. जोर लगाया तो उलटा मारेगी." पात्याच्या मुळाशी लोखंडी टाच होती, ती त्याने बोटाने ठोकली. "ये बूट हमेशा लकडी को चिपका रहे. बूट हटा, के मशीन नाची. मोठे दात साफ लकडी के, बारीक दात खिळेवाली लकडी के. और पाता बदलते टैम पहले पिन निकालना. समझा?"

"समझा, साईं."

"तू कुछ नही समझा," लद्धाराम म्हणाला आणि दोन्ही पाती पिशवीत टाकली.

पिशवीतली करवत बघून कौसाबाईंनी कपाळाला हात लावला. "जेवायला बोलावलं तर हत्यार घेऊन आले!"

आण्णा म्हणाले, "जावईबापू, तुम्ही बसा. ते काय, मी करीन सवडीने."

"आण्णा, मशीन आहे. चहा होईतो कापून देतो."

"धोंड्यात..." कौसाबाईंनी सुरू केलं.

"धोंड्यात नवं करायचं नाही," आण्णा म्हणाले. "कुजलेलं काढायला मुहूर्त लागत नाही." आणि त्यांनी वायर ओढून दिली. जावयाने स्वतःहून मागितलेलं काम, त्याला नाही कसं म्हणायचं?

खांबावर तुळई होती, तुळईवर वासे, वाशांवर कौलं. अनंताने एक बल्ली आणली आणि तुळईखाली टेकू म्हणून उभी केली. जमीन धुण्याभांड्याच्या पाण्याने मऊ झालेली. बल्लीखाली फळी नाही, पाचर नाही. आण्णा जवळ आले. त्यांनी टेकूला हात लावून पाहिला.

"टेकू जरा..."

कौसाबाईंनी त्यांच्याकडे डोळे वटारले. आण्णांनी हात काढून घेतला.

ते अर्धं वाक्य अनंताने ऐकलं होतं. "जरा काय, आण्णा?" एवढंच विचारायचं होतं. त्याने विचारलं नाही. आज दाखवायचं होतं. मोठ्या दातांचं पातं लवकर कापतं म्हणून त्याने तेच चढवलं आणि खटका दाबला.

पहिलं चार बोटं लाकूड लोण्यासारखं कापलं गेलं. कुंदा दारात उभी राहून बघत होती. मग पातं एका जुन्या खिळ्यावर गेलं. दात उडाले. करवत नुसती घासायला लागली, धूर आला. थांबायला हवं होतं. अनंताने जन्मभर जे केलं तेच केलं. त्याने अंगाचा भार टाकला. टाच लाकडावरून सुटली आणि मशीन त्याच्या हातात नाचायला लागलं. त्या हादऱ्याने बल्ली चिखलात बोटभर रुतली. तुळई बसली. खांबावर भार आला तशी कापलेली फट मिटली आणि पातं आत आवळलं गेलं. मशीनने अनंताला असा हिसडा दिला की त्याचं कोपर भिंतीवर आपटलं.

आण्णांना हे सगळं आधीच दिसलं होतं. "थांब" म्हणायला एक शब्द लागला असता. तो शब्द जावयाला म्हणायचा नसतो. म्हणून ते काही न बोलता तुळईखाली शिरले आणि त्यांनी खांदा लावला.

पाच-सहा कौलं घसरली. तुळई आण्णांच्या उजव्या खांद्यावर आली. लाकूड वाजावं तसा आवाज झाला, पण तो लाकडाचा नव्हता.

कुंदाने धावत जाऊन भिंतीतली पिन उपटली. तेव्हा अनंताला कळलं, आपलं बोट अजून खटक्यावरच आहे.

डॉक्टरने गळ्याजवळचं हाड मोडल्याचं सांगितलं आणि हात झोळीत बांधून दिला. घरी परतले तर शेजारची बनूबाई ओट्यावर हजर. "काय गं कौसा, काय झालं?"

"काय व्हायचंय? कौलं चाळायला चढले होते. म्हातारपणी उड्या!"

"अगं बाई! आणि जावई आलेत धोंड्याला!"

"तर काय. त्यांनीच रिक्षा आणली बिचाऱ्यांनी."

अनंता तिथेच उभा होता. त्याने तोंड उघडलं. कौसाबाईंनी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि म्हटलं, "पाय धुवा, पानं वाढते."

ते पाणी त्याने पायावर घेतलं. बिचारा तो! खोटं सासू बोलली होती, पण तिने ते त्याच्या अंगावर नव्या कपड्यासारखं चढवलं होतं, आणि त्याने ते उतरवलं नव्हतं.

पान सगळं रीतीने वाढलं. धोंडे, वर तुपाची धार. टाकून उठावं तर अन्नाचा अपमान, खावं तर कशाच्या जोरावर? जेवणं झाल्यावर वाण. तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, मध्ये दिवा. वाण सासऱ्याने द्यायचं, आणि उजव्या हाताने. डाव्या हाताने वाण देत नाहीत.

"मी देते," कौसाबाई म्हणाल्या.

"हात लावतो मी," आण्णा म्हणाले.

कौसाबाईंनी ताट उचलून झोळीपाशी नेलं. आण्णांनी झोळीतून उजव्या हाताची बोटं पुढे काढली आणि ताटाच्या कडेला टेकवली. त्यांच्या कपाळावर घाम आला. अनंताने घाईघाईने ताट ओढून घेतलं, तेवढ्यानेही ते कळवळले.

"आण्णा, माझी चूक झाली. टेकू मी नीट..."

"छे, छे. लाकूडच कुजलेलं होतं, जावईबापू."

"मला बोला तरी काहीतरी."

"जावयाला कोण बोलतं?" आण्णा म्हणाले आणि हसले. त्या हसण्यापुढे अनंताला मान वर करता येईना. लद्धारामने कितीदा आईबहिणीवरून शिव्या दिल्या होत्या, पण इतकं कधी लागलं नव्हतं.

सकाळी तो कामावर गेला नाही. पडवी तशीच लोंबत होती. त्याने विचारलं नाही कोणाला. मागल्या दारी लाकडांत एक जाड फळी होती, ती आणून चिखल खरवडून घट्ट जमिनीवर टाकली. फळीवर बल्ली, बल्लीखाली समोरासमोर दोन पाचरी. पाचरी थोड्या-थोड्या ठोकत गेला. आवळलेलं पातं सैल झालं, तसं ते करवतीसकट ओढून काढलं. दात एकही शाबूत नव्हता. आण्णा खाटेवर बसून बघत होते. कौसाबाई शेजारीच धान्य निवडत होत्या.

अनंताने वायर लावली. मग आठवलं, पातं बारीक दातांचं हवं. करवत मांडीवर घेऊन तो बोथट पातं सोडवायला लागला. बोटं पात्यावर, तळहात खटक्याजवळ.

"अरे बैला! आधी पिन काढ!"

कौसाबाईंच्या हातातलं सूप तिरकं झालं. कुंदा घरातून बाहेर आली. अनंता जागच्या जागी थिजला. मग त्याने उठून पिन काढली.

"बोटं तोडून घेतोस काय? माझं एक हाड पुरे झालं की!" आण्णांचा आवाज चढला होता. आता तो थांबेना. "आणि ती डावीकडली पाचर कोण ठोकणार, तुझा तो लद्धाराम? तुळई अजून खांबावरच बसलीय. कागद आत जाईल एवढी उचल. काल सांगणार होतो तर कान कुठे होते तुझे?"

"इथेच होते, आण्णा. ऐकलं होतं मी. मुद्दाम विचारलं नाही."

आण्णांनी झोळीबाहेरच्या हाताने डावीकडे बोट केलं. मग म्हणाले, "पाचर."

अनंताने पाचर ठोकली. तुळई आणि खांब यांच्यामध्ये उजेडाची रेघ दिसली. त्याने पातं चढवलं, ओढून पाहिलं, मग पिन लावली. टाच लाकडाला टेकवली.

"दाबू नकोस. तिचं वजन तिला पुरे आहे. तू नुसता सरळ धर."

हे सगळ्यात अवघड होतं. त्याचे दंड सवयीने पुढे जात होते आणि त्यांना मागे धरायला जास्त कष्ट पडत होते. करवत सावकाश गेली. खिळा आला, आवाज बदलला, खिळाही कापला गेला. शेवटी बूड सुटलं. त्याने खटका सोडला, पातं थांबू दिलं, मगच बाहेर काढलं.

बनूबाई आवाज ऐकून आली होती. "कौसा, जावयाला राबवतेस? आणि आण्णा काय ओरडत होते, बैल की काय?"

कौसाबाईंनी सूप सरळ करून पाखडायला घेतलं.

"मावशी," अनंता म्हणाला, "आण्णा कौलांवर चढले नव्हते. टेकू मी कच्चा लावला. मी पाडली तुळई त्यांच्यावर."

बनूबाईने पदर तोंडाला लावला. हे संध्याकाळपर्यंत आख्ख्या कुळगावात होणार होतं, आणि तसं झालंही. पुढे कित्येक दिवस अनंता आळीत शिरला की ओट्यावरची बोलणी थांबायची. आण्णांचा हात नंतर खांद्याच्या वर कधी गेला नाही. पागोटं बांधायला त्यांना कौसाबाई लागायच्या. तेवढ्या वेळात अनंता उठून बाहेर जायचा.

त्या सकाळी मात्र कौसाबाई सवयीने कपबशी घेऊन आल्या आणि सतरंजी पसरायला लागल्या.

"भुसा झाडू दे आधी त्याला," आण्णा म्हणाले. "मग चहा."

अनंताने कोपऱ्यातला खराटा उचलला. भुशाबरोबर कालच्या कौलांचे तुकडेही निघाले. ते त्याने एकेक करून हाताने वेचले. आण्णा बघत होते. "हां" ते म्हणाले नाहीत, आणि अनंतानेही त्याची वाट पाहिली नाही.