न उघडलेल्या इंजिनाचा निकाल

अन्याय झाला तो सुनंदाताईंवर. गाव कळंब, तालुका इंदापूर. यंदाच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दारात बाहेरची माणसं उभी असताना, सासऱ्यांनी त्यांच्या हातातून ट्रॅक्टरची किल्ली काढून घेतली आणि बंडीच्या खिशात टाकली. आडनाव सुनंदाताईंनी लिहू नका म्हटलं, म्हणून लिहीत नाही. बाकी सगळं त्यांना वाचून दाखवलंय.

आरोप असा होता: बाईमाणसानं ट्रॅक्टर गरम केला आणि ब्लॉक फोडला. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं ओतीव धड. जुन्या ट्रॅक्टरचा ब्लॉक फुटला की तो ट्रॅक्टर भंगारात जमा. निकाल दिला तो शोरूमच्या माणसानं. दसऱ्याचा एक्स्चेंज मेळा चालू होता, जुना द्या आणि नवा न्या, त्यासाठी तो गावोगाव फिरत होता. त्यानं इंजिन उघडलं नाही. एकही नट सैल केला नाही. डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, वर ओढली. तेल काळं असायचं ते दुधाच्या चहासारखं दिसलं. मग त्यानं विचारलं, "चालवतं कोण?"

"मी," सुनंदाताई म्हणाल्या.

"मग बरोबर हाय."

काय बरोबर हाय? हे वाक्य मला अजून झोंबतं. तेल पांढरं का झालं, याचं उत्तर इंजिनात शोधायचं असतं. ते चालवणारीच्या साडीत शोधलं गेलं.

मी बारामतीत जुन्या ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये काम करतो. डिप्लोमा करताना कॉलेजच्या गेटवर पत्रकं वाटायचो, त्यामुळे बोलणं जरा तापट आहे. आमचे मालक तात्या. त्यांना माझ्या भाषणांचा कंटाळा आहे आणि कामाचा नाही, म्हणून आमचं जमतं.

शनिवारी सकाळी सुनंदाताईंचा फोन आला. त्यांचं माहेर कोऱ्हाळे बुद्रुक, तात्यांचंही गाव तेच. क्लचच्या कामाला त्यांनी हा ट्रॅक्टर पूर्वी स्वतः चालवत आमच्याकडे आणला होता.

"आसिफभाई, सोमवारी उचलायला गाडी येनार हाय. त्याच्या आदी कुनीतरी उघडून बघा. फुटला असंल तर फुटला. पन बघा तरी."

"नवा येतोय ना, ताई?"

"नवा येईल. आबा म्हनालेत, नव्यावर बाईनं बसायचं न्हाय. डायवर ठेवनारेत."

म्हणजे प्रश्न एका जुन्या इंजिनाचा नव्हता. त्यांचे यजमान बारामतीच्या एमआयडीसीत शिफ्टला असतात. घरची डाळिंबाची बाग आणि शेजारच्या दोन-तीन बागांची आंतरमशागत, सगळी या बाईच्या स्टिअरिंगवर चालते. सोमवारी ट्रॅक्टर गेला असता तर त्यासोबत त्यांचं कामही गेलं असतं, आणि ब्लॉक फोडणारी हे नाव मात्र कायमचं गावात राहिलं असतं.

कळंबला जाताना जीपमध्ये मी तात्यांना म्हटलं, "हा सरळसरळ अन्याय आहे."

"असंल. पन आपन ट्रॅक्टर बघाय चाललोय, मोर्चा काढाय न्हाय. ब्लॉक खरंच फुटला असला तर काय करशील? घोषना देशील?"

मी पान्यांची पेटी तपासायला घेतली. कारण तेही शक्य होतं.

कळंबला पोचलो तेव्हा ट्रॅक्टर शेडमध्ये उभा होता. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, त्यावर वाळलेली झेंडूची माळ. आबा, म्हणजे सुनंदाताईंचे सासरे, बाजेवर बसले होते. उठले नाहीत.

"तात्या, कशाला डिझेल जाळलंत हितवर? सोमवारी जातोय त्यो."

"जाऊ द्या की. जाताना तोंड बघून घेतो त्याचं."

आबा हसले नाहीत, पण नातवाला चहा सांगायला पिटाळलं. म्हणजे परवानगी मिळाली.

जुना ट्रॅक्टर दुरुस्त करण्याच्या लायकीचा आहे का, हे त्याच्या वयावरून ठरत नाही. लोक आधी वर्ष विचारतात, मग मान हलवतात. आम्ही आधी मागचा भाग बघतो. गिअर नीट पडतात का, मागच्या धुऱ्यात आवाज आहे का. तो भाग शाबूत असला तर पुढच्या इंजिनावर कष्ट घेण्यात अर्थ असतो. मग त्या मॉडेलचं सामान अजून दुकानात मिळतं का ते बघायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याच्याकडून काम काय करून घ्यायचंय. खोल नांगरट करायची असेल तर उत्तर वेगळं, बागेत फिरवायचा असेल तर वेगळं.

मागचा भाग ठणठणीत होता. सामान मिळतं. राहिलं इंजिन.

तेल पांढरं होतं म्हणजे तेलात पाणी मिसळलंय. एवढंच सिद्ध होतं. पाणी कुठून आलं हे सिद्ध होत नाही. ब्लॉक फुटला किंवा आतलं गॅस्केट, म्हणजे दोन भागांमधली पातळ चकती, जळली, तर रेडिएटरचं पाणी आत शिरतं. पण मग रेडिएटर रिकामा व्हायला हवा. मी टोपण उघडलं. गळ्यापर्यंत भरलेला. पाणी हिरवं, कारण सुनंदाताई साधं पाणी घालत नाहीत, इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट घालतात.

"आबा, हे कमी झालेलं नाही," मी म्हटलं.

"तिनंच भरलं असंल परत."

"कवा भरू?" सुनंदाताई दारातून म्हणाल्या. "किल्ली घेतल्यापासनं शेडात पाय ठिवू दिलाय व्हय तुमी मला?"

तात्यांनी मला कॅन आणायला सांगितलं. ट्रॅक्टर काही दिवस जागचा हलला नव्हता. अशा वेळी तेलातलं थोडं पाणी सुटं होऊन तळाला बसतं. चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचा, नट सैल केला की तेच आधी बाहेर येतं. मी नट फिरवला. आधी पाणी आलं, मग पांढरं दाट तेल. पाणी मी वेगळ्या भांड्यात धरलं.

ते हिरवं नव्हतं. फिकट निळसर होतं. तळाला चुन्यासारखा साका.

डाळिंबवाल्या माणसाला हा रंग ओळखायला मेकॅनिक असावं लागत नाही. सुनंदाताई वाकल्या, बघितलं आणि सरळ उभ्या राहिल्या. तात्यांनी भांडं उचलून बाजेजवळ नेलं.

"आबा, खंडेनवमीला ट्रॅक्टर धुतला कशानं?"

"पंपानं. दरसाल धुतो."

"कुठल्या पंपानं?"

"फवारनीच्या. गन मारली की कसा लखलखीत निघतो."

डाळिंबावर औषध मारायचा हा पंप म्हणजे प्रचंड जोराचा फवारा. आदल्याच आठवड्यात त्यातून बागेवर बोर्डो मारलेला, मोरचूद आणि चुन्याचं निळं औषध. टाकी कितीही विसळली तरी थोडं राहतंच.

तात्यांनी इंजिनाच्या डोक्यावरच्या भोकाकडे बोट केलं. तेल ओतायचं तोंड. त्याचं झाकण कधीच हरवलेलं, त्यामुळे तिथं बोळा कोंबलेला असायचा. अर्ध्या तालुक्यातल्या जुन्या ट्रॅक्टरवर असतो. आता तिथं स्वच्छ पांढरं फडकं होतं.

"हितलं जुनं फडकं कुठं गेलं?"

"काढलं की. त्येलानं बरबाटलेलं. असलं मळकं पूजेला ठेवतंय व्हय कुनी? धुवून झाल्यावर नवं लाव..."

आबांचं वाक्य तिथंच थांबलं. त्यांनी भांड्याकडे बघितलं. मग भोकाकडे.

माझ्या तोंडात एक अख्खं पत्रक तयार झालं होतं. मथळ्यासकट. तात्यांनी माझ्याकडे न बघता पाना पुढे केला. "चेंबर उतरव."

आज वाटतं, बरं झालं. त्या माणसाचा चेहरा मी बघत होतो. हा ट्रॅक्टर त्यांनी ऐन उमेदीत घेतला. दर खंडेनवमीला स्वतःच्या हातानं धुतला. कुणाला हात लावू दिला नाही. देवापुढं उभा करायचा म्हणून मळका बोळा काढला आणि फवारा त्या उघड्या भोकातून आत गेला, तेवढंच. त्यांनी खोटं बोलून सुनेला अडकवलं नव्हतं. शिकल्यासवरल्या माणसानं छातीठोक सांगितलं आणि त्यांना ते पटलं. पटायला सोपं होतं, म्हणून पटलं. माझा राग तिथं आहे.

पण निळं पाणी सापडलं म्हणून ब्लॉक शाबूत आहे असं ठरत नाही. मीही न बघता निकाल दिला असता तर त्या शोरूमवाल्यात आणि माझ्यात फरक काय? चेंबर उतरवलं. आमच्याकडे रेडिएटरच्या तोंडाला लावायचा एक हातपंप असतो. त्यानं आत दाब द्यायचा आणि खालून बघत बसायचं. कुठं चीर असेल तर थेंब टपकतो.

तात्यांनी खाली पोतं अंथरलं. "आबा, तुमी झोपा हितं. तुमीच बघा. थेंब दिसला की हाक मारा."

आबा माझ्याकडे बघायला लागले. मी टॉर्च त्यांच्या हातात दिला. ते इंजिनाखाली सरकले. मी दाब दिला. पंपावरचा दाबाचा काटा वर गेला आणि थांबला.

"दिसतंय काय?"

"न्हाय."

चहा आला. गार झाला. काटा हलला नाही.

"आबा?"

"न्हाय, तात्या." थोड्या वेळानं खालूनच पुन्हा आवाज आला, "कोरडं हाय समदं."

ज्यांनी आरोप मान्य केला होता, त्यांच्याच तोंडून तो खोटा ठरला. असली युक्ती मला कुठल्याही पत्रकात सुचली नसती.

शेवटची भीती बेरिंगची होती. पाणी मिसळलेलं तेल बेरिंग खातं. एक उघडून बघितलं. झिजलं होतं, वयाप्रमाणे, पण ओरखडे नव्हते. म्हणजे पांढऱ्या तेलावर इंजिन फार चाललेलं नव्हतं. दसऱ्याला देवळापर्यंत आणि परत, बस.

आबा कपडे झटकत उठले. त्यांना कुठंतरी उभं राहायला जागा हवी होती. ती त्यांनी शोधली. "म्हंजे किल्ली काढून घेतली त्येच बरं झालं. न्हायतर बागेत घालून पार वाटोळं झालं आसतं."

"आबा," सुनंदाताई म्हणाल्या, "त्या दिवशी सकाळी पट्टी मी काढून बघितली. चालू करू नगा, हे बी मीच म्हनलं. किल्ली तुमी त्येच्या मागनं घेतलीत. आनि पानी त्येच्या आदी घातलंत."

तात्या खोकल्याचं निमित्त करून शेडबाहेर गेले.

मी आबांना जे आहे ते सांगितलं. मागची अवजारं उचलणारी लिफ्ट हळूहळू खाली बसते, तिचं काम निघेल. पुढच्या चाकांना खेळ आहे, ती डगडगतात. खोल नांगरटीला हा ट्रॅक्टर आता घालू नका, ती भाड्यानं करून घ्या. पण तुमच्या डाळिंबाच्या ओळी याच्याच रुंदीला धरून लावल्यात. नवा मोठा ट्रॅक्टर त्यात शिरताना फांद्या मोडेल. बागेसाठी हा दुरुस्त करणं परवडतं.

"मग करा," आबा म्हणाले. एवढंच.

रविवारी डिझेलनं इंजिन आतून धुतलं, फिल्टर बदलले, तेल भरलं, थोडं चालवून तेही काढून टाकलं आणि पुन्हा नवं भरलं. तात्यांनी वर्कशॉपमधून त्या भोकाचं खरं झाकण आणलं होतं. ते घट्ट बसवलं. दुपारी इंजिन पुन्हा सुरू केलं. पट्टीवरचं तेल स्वच्छ, पांढरेपणाचा मागमूस नाही.

शोरूमच्या माणसाला मीच फोन केला. भांडायच्या तयारीनं. तो शांतपणे म्हणाला, "दादा, मेळ्यात किती गावं फिरायला लावतात तुम्हाला काय माहीत? चेंबर उतरवायला वेळ कोण देतंय आम्हाला?" मला त्याची कीव आली. पण चेंबर उतरवायला वेळ नसेल तर 'माहीत नाही' म्हणायला किती वेळ लागतो? आणि 'चालवतं कोण' हे विचारायला बरा वेळ मिळाला.

निघताना आबांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्यापुढं धरली. "ही द्या तिला."

"माझ्याकडून घेतली होती का?" मी म्हटलं.

आबा थांबले. मग त्यांनी किल्ली बॉनेटवर, स्वस्तिकाशेजारी ठेवली आणि वळले.

सुनंदाताई जागच्या हलल्या नाहीत. "आबा. हातात द्या."

मग आबा परत आले, किल्ली उचलली आणि सुनेच्या हातात दिली. माफी वगैरे काही मागितली नाही. "खालच्या ओळी राहिल्यात," एवढं म्हणाले आणि बागेकडे चालू लागले. सोमवारी गाडी आली ती रिकामीच परत गेली. तिचा ड्रायव्हर सांगत होता, बांधाशी उभं राहून हॉर्न वाजवला तरी बाईनं ट्रॅक्टर थांबवला नाही, हातानंच जा म्हणून सांगितलं.

आता तुमचं. तुम्ही हे वाचताय म्हणजे तुमच्याही घरात, गोठ्यात, कारखान्यात काहीतरी बिघडलेलं असेल आणि त्याचा दोष कुणाच्या तरी नावावर टाकून झाला असेल. ज्यानं तो टाकला त्याला आज विचारा, उघडून बघितलं का? नसेल तर उघडायला लावा आणि समोर उभे राहा. आणि त्या भरात तुम्ही कुणाच्या हातून किल्ली काढून घेतली असेल, तर ती बॉनेटवर ठेवून निघून जाऊ नका. परत जा. हातात द्या.